अकरावा स्कॅन

कुलूपवालीला संशय यायला कारण लागत नाही, असं तिची बहीणच म्हणायची. हॉस्पिटलचे सगळे स्कॅन जिच्या सर्व्हरवर राहतात, तिला हे नाव पडणारच. पण आज कारण होतं. जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर हलवायचं काम सकाळपासून चालू होतं. ते निम्म्यावर आलं आणि मोठ्या सर्जनचा फोन आला.

"मॅडम, ते थांबवा. नवं मशीन फार रखडतंय. नव्यावरचं सगळं आजच पुसून टाका."

आता बोला! ज्या माणसाच्या लक्षात स्वतःचा पासवर्ड राहत नाही, त्याला एकाएकी सर्व्हरचा पुळका? पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यात तिची धाकटी बहीण वरच्या मजल्यावर दाखल. उद्या मणक्याचं ऑपरेशन, याच सर्जनच्या हातून. तिचा स्कॅन सकाळीच झाला होता, आणि आजचे स्कॅन थेट नव्या सर्व्हरवर जात होते. नवं पुसलं की तोही गेला. असं काय निघालं असेल त्यात?

तिने हलवाहलवी रद्द केली. पडद्यावर लगेच प्रश्न आला: अर्धवट कॉपी साफ करायच्या?

"थांब की, तुलाही घाई झाली का?" ती मशीनवर खेकसली.

तिने दोन्हीकडच्या याद्या शेजारी लावल्या. फक्त नव्यावर असलेले स्कॅन निघाले अकरा. ते तिने जुन्यावर आणले आणि धड आलेत ना, हे बघायला एकेक उघडला. बहिणीच्या रिपोर्टात डॉक्टरांनी आधी सांगितलेलंच होतं, एक अक्षर जास्त नाही. तिला स्वतःची लाज वाटली. उगाच भल्या माणसावर आळ घेतला.

मग अकरावा उघडला. नाव नाही, नुसता स्टाफ नंबर. मानेचा स्कॅन होता. खाली लिहिलं होतं: नस दबलेली, उजव्या हाताची पकड कमी होत आहे, ऑपरेशन करण्याचं काम तूर्त बंद ठेवावं.

तिने नवा सर्व्हर पुसला. तेवढ्यात सर्जन स्वतःच खाली आले.

"झालं साफ?"

"झालं, सर. सकाळचे अकरा स्कॅन तेवढे जुन्यावर घेतले."

"अकरा कसे? दहाच तर पेशंट होते."

तिने पडद्यावरच्या त्या स्टाफ नंबरावर बोट ठेवलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"तीस वर्षं हेच करतोय, मॅडम," ते हळूच म्हणाले. "उद्याचं साधं आहे. तेवढं होऊ द्या."

"उद्या टेबलावर माझी बहीण आहे."

हे त्यांना माहीत नव्हतं. ते खुर्चीत बसले. तिला रागही आला होता आणि त्यांची कीवही. तिने टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"वॉर्डात तुम्हीच सांगा, सर. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

बऱ्याच वेळाने त्यांनी रिसीव्हर उचलला, डाव्या हाताने.