पायाळू मुलीची सतरंजी

मी बोलतेय ती जमिनीवरून, म्हणून माझा आवाज जरा दबका वाटेल. मी एक सतरंजी आहे. निळे आणि तांबडे पट्टे, दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या दशा. सध्या मुक्काम अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंग गावी, चंद्रशेखर यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत.

माझा जन्म पुण्याचा, येरवड्याच्या तुरुंगातला. ज्याने मला मागावर विणलं त्याचं नाव मला ठाऊक नाही. तो फारसा बोलत नसे. धागा मात्र घट्ट ठोकायचा. तुरुंगाच्या दुकानातून मला चंद्रशेखरांच्या सासऱ्यांनी, म्हणजे सुनेत्राच्या वडिलांनी, घेतलं आणि लेक अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या होल्डॉलमध्ये बांधून दिलं. "तिकडे खुर्च्या असतील," ते म्हणाले, "पण माणसं आली की खाली बसायला काहीतरी लागतं."

त्यांचं खरं ठरलं. त्या काळी या भागात मराठी घरं थोडी होती. रविवारी सगळी एकमेकांकडे जात. सुनेत्रा मला पसरायची, आणि खुर्च्या असलेल्या घरात सगळे माझ्यावर दाटीवाटीने बसायचे. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सगळे एकाच सतरंजीवर. मला फार आवडायचं.

मग सुमेधा जन्मली. ती पायांकडून जन्मली. हॉस्पिटलातले डॉक्टर काळजीत होते. सुनेत्रा मात्र शुद्धीवर आल्या आल्या म्हणाली, "पायाळू आहे माझी!" आणि हसली. नर्सला वाटलं बाईला औषध जास्त झालं. ही गोष्ट सुनेत्रा माझ्यावर बसून प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

पायाळू माणसाची लाथ लागली की पाठीत भरलेली उसण जाते, असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं की खोटं मी सांगू शकत नाही. इतकंच सांगते की सुमेधा चालायला लागली आणि लोक यायला लागले. गवत कापताना उसण भरली, सोफा सरकवताना भरली, की गाडी काढून आमच्याकडे. माणूस माझ्यावर पालथा झोपायचा. सुमेधा पाठीवर हलकेच पाय मारायची आणि लगेच वाकून नमस्कार करायची, कारण मोठ्यांना पाय लागला होता ना.

हृदयाचे डॉक्टर नरेंद्रकाकाही यायचे. नागपूरचे, मोठ्या हॉस्पिटलातले. पडदे ओढून घ्यायला लावायचे. "कुणाला सांगू नकोस हं बेटा," म्हणत पालथे व्हायचे.

मला पाठी कळतात. माणूस तोंडाने काहीही बोलो, माझ्यावर पाठ टेकली की कुठे दुखतंय ते मला समजतं. दुखरी बाजू धाग्यांना टेकत नाही, अधांतरी राहते. हळूहळू सुमेधालाही ते कळू लागलं. मोठी झाल्यावर ती लाथ मारायच्या आधी हात फिरवायची. हात एका जागी थांबायचा. "इथे ना, मावशी?" ती विचारायची. तिथेच असायचं.

सुमेधा कॉलेजात असताना सुनेत्रा आजारी पडली. सुमेधा एक वर्ष घरी राहिली. सुनेत्रा गेली त्या दिवशी माझ्यावर खूप माणसं बसली होती. त्यानंतर घरात दोघंच उरली. चंद्रशेखर मुळात अबोल. मुलगी अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत विचारणार, बाप मराठीत एका शब्दात उत्तर देणार.

एकोणीसशे एकोणनव्वदच्या वसंतात सुमेधाला दोन मेडिकल कॉलेजांनी प्रवेश दिला. दोन्ही डी.ओ.ची. तेही पुरे डॉक्टरच. औषधं देतात, ऑपरेशनं करतात, वर हातांनी हाडं आणि स्नायू तपासायलाही शिकतात. एक कॉलेज घरापासून पाऊण तासावर. दुसरं पार वर, उत्तरेकडे, मेन राज्यात समुद्राकाठी. सोमवारपर्यंत एकाला हो म्हणायचं होतं.

"बाबा, मी कुठे जाऊ?"

"तुला हवं तिथे."

"हे उत्तर नाही, बाबा. से समथिंग!"

चंद्रशेखर चहाचा कप विसळायला उठले. आठवडाभर हेच चाललं होतं. तिला वाटायचं, बाबांना फरकच पडत नाही. ती खोलीत गेली की हे माझ्या घडीशेजारी उभे राहून तिच्या बंद दाराकडे बघायचे. पावलं अशी जड व्हायची, की फरक किती पडत होता ते मला तरी कळत होतं.

सोमवारच्या आदल्या दिवशी पाडव्याचं जेवण आमच्याकडे होतं. मला पसरलं. सावर क्रीमचं श्रीखंड झालं. सगळे खाली बसले, पण चंद्रशेखर खुर्चीवर.

"काय चंदू," नरेंद्रकाका म्हणाले, "अध्यक्ष झालास की काय? खाली ये ना यार."

"इथून वाढायला बरं पडतं."

"आणि ही तुझी लेक! एवढे मार्क, आणि हाडवैद्य होणार म्हणते."

"काका, तुमची पाठ कोण बघतं?" सुमेधाने विचारलं.

सगळे हसले. शोभाकाकू, म्हणजे नरेंद्रकाकांची बायको, तर श्रीखंडाचा चमचा हातात धरून हसल्या. "ते वेगळं!" काका म्हणाले. "ते घरगुती आहे." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "जवळचं घे, बेटा. बाबा एकटे आहेत."

सुमेधाचं हसू गेलं. चंद्रशेखर पुऱ्या आणायला आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दुपारी सगळे निघून गेले. मला उचलायची वेळ झाली. मी मोठी आहे, एकट्याने माझी घडी होत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. सुमेधाने तिची टोकं धरली.

"बाबा, पकडा."

चंद्रशेखर वाकले. अर्ध्यावर थांबले. खालीही जाता येईना, वरही येता येईना. सुमेधाने टोकं सोडून दिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"मंगळवारपासून. काही नाही, उसण आहे."

"मला का नाही सांगितलं?"

ते तसेच वाकलेले, नजर माझ्या पट्ट्यांवर. "उद्या तू कॉलेजला फोन केलास, की सांगणार होतो."

 ती म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर. मी काय तुमची पाठ बघून कॉलेज ठरवणार होते?"

"हो," चंद्रशेखर म्हणाले. "आईच्या वेळी राहिलीस ना."

तिने त्यांना धरून हळूहळू माझ्यावर पालथं झोपवलं. इतक्या वर्षांत सगळं गाव माझ्यावर झोपून गेलं होतं, पण चंद्रशेखर कधी नाही. त्यांचा गाल माझ्या धाग्यांना टेकला. सुमेधाचा हात पाठीवरून फिरत आला आणि कमरेच्या डाव्या बाजूला थांबला. तेव्हा ते बोलायला लागले. बहुतेक तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून जमलं असावं.

"जवळचं कॉलेज चांगलं आहे. तिथे गेलीस तर रोज संध्याकाळी घरी येशील. मी भात लावून ठेवीन. मला फार बरं वाटेल. म्हणून मला विचारू नकोस. मी राहा असंच म्हणेन."

 तिचा हात तिथेच हळूहळू दाबत राहिला.

"दोन्हीकडचे इंटरव्ह्यू झाल्यावर तू घरी येऊन काय काय सांगितलंस, आठवतं? जवळच्या कॉलेजाचं पार्किंग छान आहे म्हणालीस. बास. आणि तिकडचे ते म्हातारे प्रोफेसर, ज्यांना तू लाथेची गोष्ट सांगितलीस..."

"ते हसले नाहीत," सुमेधा म्हणाली. "त्यांनी विचारलं, कुठल्या पायाने? आणि मग त्यांनी मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायला सांगितला, आणि..."

"बघ. ही चौथी वेळ सांगायची."

ती हसली, आणि हसता हसताच माझ्यावर दोन थेंब पडले. मग ती उठली, पाय उचलला आणि अगदी हलकेच त्यांच्या कमरेला लावला. लगेच वाकली आणि नमस्कार केला. चंद्रशेखरांना वळता येत नव्हतं. त्यांनी पालथ्यानेच हात मागे नेला. तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, म्हणून तिनेच डोकं पुढे केलं.

सोमवारी सकाळी तिने मेनला फोन केला.

ऑगस्टमध्ये ती गेली. जाताना ती मला न्यायची म्हणत होती. "तिकडे थंडी आहे, बाबा." चंद्रशेखर हो म्हणाले. मग तिनेच मला गाडीतून काढलं आणि पुन्हा पुढच्या खोलीत पसरलं. तिला काय वाटलं असेल ते तिलाच माहीत.

तेव्हापासून मी पसरलेलीच आहे. रविवारची जेवणं आता नरेंद्रकाकांच्या नव्या घरी होतात. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा आहे. शोभाकाकू फोन करतात, "या ना हो, चंदूभाऊ." हे म्हणतात, "बघतो." बघतात आणि जात नाहीत. संध्याकाळी कामावरून येतात, ताट घेऊन माझ्या एका कोपऱ्यावर बसतात आणि बाकीची सगळी मी रिकामी. कुणी उठून पुन्हा बसणार असेल तशी जागा सोडलेली. जेवण झालं की कुठेकुठे पडलेलं एकेक शीत वेचून घेतात. दूरचित्रवाणीवर कुणीतरी बोलत असतं, पण ते ऐकत नाहीत.

रविवारी सुमेधाचा फोन येतो. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीला आहे. त्याची गुंडाळीची वायर ताणून ते माझ्यापर्यंत आणतात आणि पाठीवर आडवे होऊन बोलतात. तिचा आवाज मलाही ऐकू येतो. ती भरभर बोलते. वर्गात सगळे एकमेकांच्या पाठीवर शिकतात, ही डोळे मिटून दुखरी जागा ओळखते, प्रोफेसर तिला पुढे बोलावतात. ती खूश आहे. ते ऐकताना चंद्रशेखरांचा श्वास खोल होतो.

"आणि तुमची पाठ, बाबा?"

"मस्त."

"खरं सांगा."

"अगदी मस्त. बर्फ पडला का?"

कमरेची डावी बाजू मला टेकलेली नसते. महिनाभर टेकलेली नाही. हे फक्त मला माहीत आहे, आणि माझा आवाज त्या वायरीतून जात नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्यापैकी कुणी त्या उत्तरेकडच्या समुद्राकाठी गेलात, तर तिथे सुमेधा नावाची मुलगी असेल, तिला सांगा की...

नको. तिला काही सांगू नका. तिची परीक्षा आहे.

त्यापेक्षा तुम्हीच या. कुठल्याही रविवारी या, फोनही करू नका, नाहीतर हे "बघतो" म्हणतील. आत आलात की खुर्ची शोधू नका. सरळ खाली, माझ्यावर बसा. चंद्रशेखर थोडे गडबडतील आणि मग चहा ठेवतील. बोलणार नाहीत फारसं. तुम्हीही बोलला नाहीत तरी चालेल. जागा खूप आहे.