बेडकाची जांभई

“सर, पण ऋण गुणिले ऋण धन का येतं?”

विचारून झालं तरी ती उभीच राहिली. मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणी बुटकी आणि चष्मिष यांनी एकमेकींना कोपरं मारली. पैज त्यांनीच लावली होती, मधल्या सुट्टीत: हिंमत असेल तर सरांना असं काहीतरी विचार, ज्याचं उत्तर टॅबमध्ये नाही. त्यांना वाटलं होतं, ही काहीतरी आचरट विचारेल आणि तास मजेत जाईल. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणाऱ्या या मुलीला यंदा असा काही आवाज फुटला होता की मैत्रिणींनी तिचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं.

पण हा प्रश्न आचरट नव्हता. तो तिला खरोखरच टोचत होता.

“टॅबवर नियम दिलाय बघ,” सर म्हणाले. ते खिडकीपाशी बसून चार्जरच्या वायरींचा गुंता सोडवत होते. हल्ली तासाला त्यांना तेवढंच काम उरलं होतं.

“नियम पाठ आहे सर. का, ते नाही दिलेलं.”

“अगं, नियम आहे तो.”

“पण कुणी केला?”

वर्गात खसखस पिकली. तिच्या टॅबवरचा हिरवा बेडूक एव्हाना जांभया द्यायला लागला होता. बरोबर उत्तर दाबलं की तो टुणकन उडी मारून चांदणी द्यायचा. विचार करायला थांबलं की जांभई. सातवीपासून तिने त्या बेडकाला क्वचितच जांभई येऊ दिली होती. चार पर्यायांतला एक दाबायचा, चुकला तर दुसरा. चांदण्यांचा नुसता पाऊस! आणि डोक्यात? भोपळा.

सरांनी वायर खाली ठेवली. आता ओरडा बसणार, असं तिला वाटलं. त्यांनी मात्र भिंतीवरचा पांढरा पडदा गुंडाळून वर सरकवला. मागे जुना फळा होता, त्यावर गेल्या वर्षीची तारीख अजून तशीच. टेबलाच्या खणात हात घालून त्यांनी खडूचा एक तुकडा शोधून काढला.

त्यांनी लिहिलं: तीन गुणिले ऋण दोन. बरोबर ऋण सहा. त्याखाली दोन गुणिले ऋण दोन, मग एक गुणिले ऋण दोन, मग शून्य गुणिले ऋण दोन. उत्तरं एकाखाली एक आली: ऋण सहा, ऋण चार, ऋण दोन, शून्य.

“दर ओळीला उत्तराचं काय होतंय?”

“दोनाने वाढतंय,” बुटकी पटकन म्हणाली आणि स्वतःच दचकली.

“बरं. आता शून्याच्या खाली एक पायरी उतरू. ऋण एक गुणिले...”

सर लिहायला वळले. सगळा वर्ग बाकांवरून पुढे झुकला. सगळे बेडूक जांभया देत होते आणि एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

दार उघडलं. मुख्याध्यापिका बाई आत आल्या.

“सर, काय झालंय? माझ्या स्क्रीनवर तुमचा अख्खा वर्ग लाल दिसतोय, एकही उत्तर येत नाहीये.”

सरांनी बाहीनेच फळा पुसला. घाईघाईने, सगळा.

“नेट गेलं होतं, बाई.”

बाईंनी वर्गाकडे पाहिलं.

“होऽऽ बाई, नेट गेलं होतं,” अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. चष्मिषसुद्धा.

ती एकटी बोलली नाही. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पडदा खाली आला, बेडूक टुणटुणायला लागले. तिने टॅब पालथा घातला.

तास सुटल्यावर तिने सरांना जिन्यात गाठलं.

“खोटं का बोललात?”

“हळू बोल.”

“शेवटची ओळ तरी लिहायचीत ना! पुसली काय!”

सर थांबले. त्यांच्या शर्टाची बाही पांढरी झाली होती.

“ती ओळ तुला येते आता. घरी लिहून बघ.” दोन पायऱ्या उतरून ते परत वळले. “आणि बाईंवर रागावू नकोस. त्यांना पालकांचे फोन येतात, चांदण्या कमी का पडल्या म्हणून. मग माझी हजेरी लागते त्यांच्या खोलीत. मागच्या महिन्यात लागली होती.”

घरी आल्या आल्या, चपलाही न काढता, तिने दप्तरावरच कागद ठेवून लिहिलं. ऋण दोन, शून्य, आणि मग? दोन. धन दोन! दुसरं काही येऊच शकत नव्हतं. ती एकटीच हसली आणि पुढच्याच क्षणी तिला भयंकर संताप आला. एवढंच होतं? एवढंच सांगायला कुणाला वेळ नव्हता?

“अगं, हे काय?” बाबा फोन नाचवत बाहेर आले. “‘आपली पाल्य आज गणिताच्या तासाला निष्क्रिय होती.’ निष्क्रिय? तू?”

“बरं वाटत नव्हतं का गं?” आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

“छान वाटत होतं! बाबा, पहिल्यांदा मला गणितात काहीतरी कळलं. सरांनी फळ्यावर शिकवलं.”

“ते ठीक आहे गं, पण चांदण्या शून्य? रोज तुझ्या चांदण्या टाकतो त्या घरच्या ग्रुपवर काकाने विचारलंसुद्धा, आज आमची हुशार मुलगी कुठे गेली म्हणून.” बाबा फोनवर नंबर शोधायला लागले. “थांब, शाळेत बोलतो. मागच्या महिन्यातही तुझ्या चांदण्या कमी झाल्या होत्या. एक फोन केला, दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत.”

तिने पेन खाली ठेवलं.

“तुम्ही केला होतात?”

“मग? मुलीसाठी एवढंही करू नये?”

आईचा हात घडीवरच थांबला. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, “अहो, जरा थांबा.”

तोफ धडाडली नाही. तिने चपला काढल्या, नीट जागेवर ठेवल्या आणि बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, मी उद्याही निष्क्रिय असणार आहे. परवाही. कळल्याशिवाय मी एकही उत्तर दाबणार नाही. तुम्हाला शाळेत फोन करायचा असेल तर करा, पण तक्रार माझी करायची. सरांची नाही.”