वरची खुंटी

जपानात राहून वार्सितो सगळं शिकला होता, आणि तेच शेवटी त्याला नडलं.

जावा बेटावरच्या तेगल गावातून मासेमारीच्या बोटीवर तो आला तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. आता त्याच मिशीत पांढरे केस होते. मधल्या काळात लग्न झालं, मोडलं, बायको सेंदाईला निघून गेली आणि हा उत्तरेच्या या बंदरावर फिशकेकच्या, म्हणजे माशांच्या वड्यांच्या, कारखान्यात चिकटला तो चिकटलाच. कुठल्या वारी कुठला कचरा काढायचा, शेजाऱ्याच्या दारापुढचा बर्फ किती काढायचा आणि त्याला उपकाराचं ओझं होऊ नये म्हणून किती ठेवायचा, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आळीतले लोक म्हणायचे, "हा आमच्यापेक्षा जास्त जपानी." ते ऐकलं की स्वारी दिवसभर खुशीत असायची. जो खरंच आपला असतो त्याला असं कुणी बोलून दाखवत नाही, हे बिचाऱ्याच्या कधी लक्षात आलं नाही.

शेजारच्या घरात शिगे कुमागाई ही म्हातारी एकटी राहायची. उभा जन्म समुद्रातलं शेवाळ वाळवण्यात गेलेला, पाठ पार वाकलेली, जिभेला मात्र हाड नाही. वार्सितो नवा राहायला आला त्या हिवाळ्यात तिचा रॉकेलचा डबा उचलून द्यायला म्हणून तो बुटांसकट दोन पावलं आत गेला होता. म्हातारीनं सरळ झाडू उगारला.

"बुटांनी घरात? हे काय बंदर वाटलं तुला?"

"आमच्याकडेही काढतात हो आजी, पण हातात डबा होता."

"मग डबा खाली ठेवायला हात मोडले होते? घराला आग लागली तरी आधी बूट काढायचे, समजलं?"

वार्सितोला समजलं. त्यानंतर त्यानं कुणाच्याही घरात बूट घालून पाऊल टाकलं नाही. काढलेले बूट दाराकडे तोंड करून नीट जोडीनं ठेवायलाही तो शिकला, तरी आजी काठीनं ते उगाच सरळ करायची आणि म्हणायची, "अजून वाकडेच."

त्या झाडूपासूनच दोघांचं जमलं. ती वाडगाभर शिजवलेला मुळा घेऊन यायची आणि दारातूनच ओरडायची, "यात डुक्कर नाही रे वारू, तुझ्या धर्माला चालतं, उगाच हुंगत बसू नकोस." वाडगा रिकामा परत करायचा नाही म्हणून तो कारखान्यातले वाकडेतिकडे फिशकेक त्यात घालून द्यायचा. "कारखान्यानं टाकलेला माल म्हातारीला देतोस होय," असं म्हणत ती ते खायची, आणि नेमके कुठले चवीला चांगले होते तेही सांगायची.

तिला एकच धास्ती होती. मुलगी तोमोको योकोहामाला होती आणि आईला वृद्धाश्रमात ठेवायचं तिच्या मनात होतं. आजीला मरण चाललं असतं, वृद्धाश्रम नको होता. त्यातच आळीच्या मंडळानं झेंड्याचा नियम काढला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी रोज सकाळी दाराबाहेर पिवळा झेंडा लावायचा आणि अंधार पडायच्या आत काढायचा. झेंडा दिसला की माणूस धडधाकट. नाही दिसला तर मंडळाचे प्रमुख ओगासावारा बेल वाजवणार आणि मुलाबाळांना फोन करणार. ओगासावारा पोस्टातून निवृत्त झालेला, नाकासमोर चालणारा माणूस. ऊन असो, बर्फ असो, सकाळी आठला त्यांची फेरी ठरलेली. शिगेच्या दाराबाहेर दोन खुंट्या होत्या. वरची तिच्या उंच नवऱ्यानं ठोकलेली, तिथवर तिचा हात पोचायचा नाही. खालची तिनं झेंड्यासाठी म्हणून वार्सितोकडून ठोकून घेतली होती.

थंडी वाढली तशी आजी सकाळी उशिरा उठू लागली आणि एक-दोनदा झेंडा राहिला. ओगासावारांनी लगेच योकोहामाला फोन लावला. त्याच संध्याकाळी आजी वार्सितोच्या दारात उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिनं त्याचे बूट सरळ केले नाहीत.

"तू कामाला निघतोस ना, तेव्हा माझा झेंडा लावून जात जा. दार उघडंच असतं. आतल्या बाजूला टांगलेला असतो."

"आजी, असं नाही चालत. मग झेंड्याचा उपयोग काय?"

"मला नियम शिकवतोस? गुडघे दुखतात म्हणून जरा लोळते, मरत नाही! पुढच्या वेळी फोन गेला की ती पोरगी मला उचलून नेईल. मग मुळा कोण देईल तुला, तुझा कारखाना?"

तो नाही म्हणू शकला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. इतक्या वर्षांत या आळीत कुणी त्याच्याकडे इतक्या विश्वासानं काही मागितलं नव्हतं. तो रोज सकाळी दार सरकवायचा, "आजी, लावतो हं," म्हणून हाक द्यायचा, आतून "अजून जिवंत आहे!" असं उत्तर आलं की झेंडा खालच्या खुंटीला लावायचा आणि चालू पडायचा.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी उत्तर आलं नाही.

त्यानं पुन्हा हाक मारली. आत टीव्ही चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं. चौकटीच्या आत, पायताणं काढायच्या जागेत तो उभा होता. बर्फातले उंच बूट नाड्या घट्ट आवळून बांधलेले, काढायला वेळ लागणार. खाली कोपऱ्यावर कारखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. झोपली असेल, त्यानं मनाशी म्हटलं. झोपलेल्या बाईच्या घरात असं शिरणं बरं दिसत नाही. आणि बुटांनी तर नाहीच नाही. हाताला आली त्या खुंटीला त्यानं झेंडा अडकवला, दार हलकेच सरकवलं आणि धावत चढ उतरला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा अंधारात झेंडा तसाच होता, त्यावर बर्फ साचला होता. या वेळी त्यानं बूट कसे काढले त्यालाच आठवत नाही. शिगे न्हाणीघराच्या दारात पडली होती. डोळे उघडे, अर्धं तोंड वाकडं, हात बर्फासारखा गार. जिवंत होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टर तोमोकोला सांगत होते ते त्यानं भिंतीला टेकून ऐकलं. मेंदूतली रक्ताची गाठ. सकाळीच आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. आता बोलणं परत येईलसं वाटत नाही.

"पण सकाळी तर झेंडा होता ना?" तोमोकोनं विचारलं.

"होता," ओगासावारा म्हणाले. "मी आठला पाहिला."

"म्हणजे नंतरच पडली असणार." तोमोको वार्सितोपुढे कमरेत वाकली. "तुम्ही होतात म्हणून आई हाती लागली. तुमचे उपकार कसे फेडू?"

सवयीनं तोही वाकला, तिच्याहून खाली. सांगायचं तेव्हाच सांगायला हवं होतं. आयुष्यात मान लववण्याची त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शिगेला योकोहामाच्या वृद्धाश्रमात नेलं. जिथं जायचं नाही म्हणून तिनं हा सगळा खटाटोप केला, तिथंच ती गेली, आणि जाताना तिला नको म्हणायलाही तोंड राहिलं नव्हतं. तोमोकोनं घर आवरलं आणि वार्सितोला फळांची पेटी दिली. ती त्यानं उघडली नाही. आतून वास यायला लागला, तरी उघडली नाही.

एप्रिलमध्ये ओगासावारा त्याच्याकडे पिवळा झेंडा घेऊन आले. "तूही एकटाच असतोस. यापुढे तूही लाव. मी बघत जाईन." आळीनं त्याला आपल्यात धरलं होतं. कधीकाळी या गोष्टीसाठी त्यानं काय दिलं नसतं! आता त्यानं खाली मान घालून झेंडा घेतला.

पंधरवडाभर त्यानं तो निमूट लावला. मग एका पावसाळी सकाळी त्यानं झेंडा हातात घेतला आणि पुन्हा आत टांगला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. अंथरुणावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आठ वाजता बेल वाजली. एकदाच. पाठोपाठ दार धाडकन सरकलं आणि "वार्सितो! वार्सितो!" अशा हाका मारत ओगासावारा थेट आतल्या खोलीत आले. पायांत रबरी बूट, बुटांना चिखल, आणि दारापासून अंथरुणापर्यंत चटईवर काळे ठसे. कधी कुणाच्या दारात चप्पल तिरकी न ठेवणारा हा माणूस छत्रीसकट त्याच्या उशाशी उभा होता आणि धापा टाकत होता.

"काय झालं? कुठं दुखतंय? बोल ना!"

वार्सितो उठून बसला. त्याची नजर त्या बुटांवरून हलेना.

"बुटांनी आलात," तो म्हणाला.

"मग काय काढत बसू? माणूस मरायला टेकला असेल तर चटई बघू?"

वार्सितोला रडू फुटलं. रडता रडता त्यानं सगळं सांगून टाकलं. आजीचं मागणं, रोजची हाक, न आलेलं उत्तर, बुटांच्या नाड्या. "झेंडा तिनं नाही, मी लावला. मी दारातूनच परत गेलो."

ओगासावारा खाली बसले. खिशातला रुमाल काढून ते चटईवरचा चिखल पुसू लागले, तो आणखीच पसरला.

"तू लावलास ते मला माहीत होतं," ते म्हणाले.

"माहीत होतं?"

"झेंडा वरच्या खुंटीला होता. तिचा हात तिथवर कुठला पोचायला? सकाळीच दिसलं मला. बेल वाजवायला हात उचललाही होता." ते चिखल पुसतच राहिले. "मग म्हटलं, वार्सितोनं लावलाय. म्हणजे तो आत जाऊन तिला बघून आला असेल. आणि पुढे गेलो."