मी भिंतीवर चढणार नाही

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे आणि मी टोचते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. ज्याला मऊ हवं असेल त्याने टॉवेल घ्यावा. आमच्या सोलापुरात त्यांचा काही तुटवडा नाही.

माझा जन्म सांगोल्याकडच्या माळावरचा. बिरप्पा नावाच्या धनगराच्या काळ्या मेंढ्यांची लोकर, ती कातली त्याच्या घरच्या बायकांनी, आणि मला विणलं गावच्या सणगराने, खड्ड्यातल्या मागावर. वरून चिंचोक्याची खळ चढवली. त्या खळीने माझ्या अंगात जो ताठा आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

बिरप्पाच्या खांद्यावरून मी सारा मुलूख पाहिला. पाऊस आला की तो माझी खोळ करून डोक्यावर घेई. आडरानात मेंढी व्याली तर ओलं कोकरू माझ्यातच गुंडाळलं जाई. पाहुणा आला, सोयरीक ठरवायची असली, दोन भावांचं भांडण मिटवायचं असलं, की मला अंथरत. बिरप्पाच्या घरची रीतच होती. घोंगडीवर लहानथोर सगळे सारख्या पातळीवर बसायचे, आणि घोंगडीवर बसून दिलेला शब्द फिरवायचा नाही. भलीभली तालेवार माणसं माझ्यावर मांडी घालून बसली आणि निमूटपणे खरं बोलली. तेव्हाचा माझा मान काय सांगू तुम्हाला!

पुढे बिरप्पा गेला, मेंढरं विकली गेली. त्याचा मुलगा सिद्धराम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागला आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी कित्येक वर्षं काढली. कोणाला माझी आठवणही झाली नाही. शेवटी मला बाहेर काढलं ते सिद्धरामच्या बायकोने, तानाबाईने. ती घरी टॉवेलचे सुटे दोरे कापायचं काम घेते. फरशी गार लागते म्हणून तिने मला पुढच्या खोलीत, दाराजवळच्या उजेडात अंथरलं. दुपारी गल्लीतल्या बायकाही आपापले गठ्ठे घेऊन माझ्यावर येऊन बसू लागल्या. कात्र्या चालायच्या आणि तोंडं त्याहून जोरात चालायची. माझं बरं चाललं होतं.

मग घर नव्याने सजवायचं ठरलं. तानाबाईची मुलगी राजनंदिनी नुकतीच नोकरीला लागली होती आणि तिला भारी हौस. चार घरांसारखं घर नको, आपलं घर आपल्यासारखं दिसलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. हट्ट चांगलाच होता, मी नावं ठेवत नाही. तिने ऋतुजा मॅडमना बोलावलं. या मॅडम घरांची आतली मांडणी ठरवून देतात. त्यांनी टॅबवर पुढच्या खोलीचं चित्र दाखवलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सोफा, समोर टीव्ही, मधे काचेचं टेबल. आणि सोफ्याच्या वर, काचेच्या चौकटीत, खास दिव्याखाली कोण? मी!

'आपली ओळख' असं त्या कोपऱ्याचं नाव होतं. सगळ्यांना ते चित्र फार आवडलं. मला कोणी विचारलं नाही. तानाबाईलाही विचारलं नव्हतं, पण तिने आपण होऊन विचारलं, "आन् मी कुटं बसायचं?"

सगळे हसले. सोफा काय शोभेला आहे का, असं सिद्धराम म्हणाला. पण सोफ्यावर बसून मांडीवर टॉवेलचा गठ्ठा राहत नाही, आणि गल्लीतल्या बायका गठ्ठे घेऊन सोफ्यावर टेकत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती सरळ माझ्यावर येऊन बसली आणि पुढचा टॉवेल कापायला घेतला. तिची ही तऱ्हा मला चांगली माहीत होती, म्हणून मी मनातून खूश झाले.

आता चौकट लहान आणि मी मोठी. सिद्धरामने दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडीवर टाकलं आणि कारखान्यात नेलं. तुम्ही म्हणाल, धनगराच्या पोटी जन्मलेला माणूस घोंगडीला कात्री लावेल कसा? अहो, टॉवेलचं कापड लांबच्या लांब निघतं, मग ते मापाने कापून कडा शिवतात. जन्मभर तेच पाहून सिद्धरामला कापड दिसलं की आधी माप दिसतं. त्याने मला टेबलावर पसरलं, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. वीतभर कापलं गेलं. दुखलं, मित्रांनो. उन्हापावसात, काट्याकुट्यात कधी दुखलं नव्हतं तेवढं दुखलं.

कापल्या जागी लोकर सुटायला लागली, तेव्हा आधी तेवढी कड शिवून घ्यावी म्हणून तो मला शिलाई मशीनवरच्या गौरम्माकडे घेऊन गेला. तिने मला सुईखाली धरलं. मी अंग ताठ केलं. सुई मोडली. तिने दुसरी लावली. तीही मोडली! गौरम्माने मशीन बंद केलं.

"सिद्राम अण्णा, ह्ये टॉवेल न्हाय. टॉवेल गप पडून ऱ्हातो. ह्ये भांडाय लागलंय. कुणाचं हाय ह्ये?"

"आमच्या बाचं," सिद्धराम म्हणाला. म्हणाला आणि हातातल्या कात्रीकडे बघत राहिला. मग त्याने माझी घडी घातली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तर तिथे वेगळाच तंटा चालू होता. मला नेल्यापासून तानाबाई खाली बसलीच नव्हती. दोरे उभ्याने कापले, भाकरी उभ्यानेच खाल्ली. कामावरून आलेली राजनंदिनी खुर्ची पुढे करून विनवत होती. तानाबाईने खुर्ची पायाने बाजूला सारली.

"त्या चित्रात माजी जागा दाव, मग बसते. ह्ये माजं बी घर हाय की."

तेवढ्यात सिद्धराम मला घेऊन आत आला आणि माझी कापलेली कड लोंबली. राजनंदिनीने ती हातात धरली. बापावर ओरडायला तिने तोंड उघडलं, पण चौकटीची हौस कोणाची, हे तिलाही माहीत होतं. ती रडली. मग डोळे पुसून तिने मला दाराजवळ, माझ्या जुन्या जागी अंथरलं आणि दोघांना म्हणाली, "बसा. आता हितं बसूनच ठरवू."

तानाबाई बसली. दिवसभर ताटकळलेल्या त्या पायांचं ओझं माझ्यावर आलं आणि मला माझी किंमत कळली.

रविवारी ऋतुजा मॅडमनाही माझ्यावरच बसवलं. मी टोचले, त्या जरा चुळबुळल्या, पण उठल्या नाहीत. तानाबाई दोरे कसे कापते ते त्यांनी नीट पाहिलं आणि स्वतःच म्हणाल्या की दाराशेजारची खिडकी खालपर्यंत आणू, म्हणजे उजेड थेट हातावर पडेल. चित्रातला सोफा गेला. चौकट गेली. दाराजवळची फरशी मोकळी ठेवायची ठरली आणि रात्री मला टाकायला छताला एक लाकडी वलणी. सिद्धराम तेवढा कुरकुरला. सोफा नाही म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील?

"पाहुण्यांना सांगा, धनगराचं घर आहे, खाली बसा," राजनंदिनी म्हणाली. आणि हे ती माझ्यावर बसून म्हणाली होती.

माझी जखम तानाबाईने दाभणाने शिवली. काळी लोकर मिळाली नाही, म्हणून टॉवेलचाच गुलाबी दोरा घेतला. काळ्या अंगावर तो चांगला उठून दिसतो. ती कड आत दुमडावी असं सिद्धराम सुचवून पाहतो, पण राजनंदिनी मला अंथरताना तीच कड मुद्दाम दाराकडे करते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याला जपा. पण जपायचं म्हणजे काचेत कोंडायचं नाही. त्याला रोज हात लावा, त्याच्याकडून काम घ्या, फाटलं तर शिवा. आणि घर नवं करताना घरातलं प्रत्येक माणूस कुठे बसणार, ते आधी विचारा. मी तर सांगून ठेवलंय, भिंतीवर चढणार नाही. या घरी कधीही या, माझ्यावर बसा. मी टोचेन, पण जागा देईन.