दुसरं कार्ड

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा खात्याच्या दवाखान्यात जाऊन वजन, रक्तदाब, छातीचा फोटो असं सगळं तपासून घ्यावं, असा आमच्याकडे नियम होता आणि चंदीगडच्या साऱ्या कचेरीत तो मनापासून पाळणारा बहुधा मी एकटाच होतो. बाकीचे नोव्हेंबरच्या उन्हात शेंगा सोलत बसायचे आणि मला हसायचे. हसू देत. माझे वडील, गुरुनाथ खांबेटे, वाईच्या मामलेदार कचेरीत लिहिता लिहिता टेबलावर कलंडले आणि तिथेच गेले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा जन्मात एकदाही लागला नव्हता. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. यंदा, एक्याऐंशी साली, मीही चव्वेचाळीस पुरे केले.

नऊ वर्षं अर्ज करकरून अखेर पुण्याला बदली झाली. हुकमासोबत आरोग्याचा दाखला मागितला होता. शुक्रवारपर्यंत तो पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मला कसली काळजी? चार वर्षं रांगेत उभा राहिलो होतो आणि दरवर्षी डॉक्टर 'एकदम ठीक' म्हणाले होते. माझ्या बायकोने, पद्मिनीने, निम्मं सामान बांधलंसुद्धा. आणि सोमवारी दवाखान्यातला कारकून धीमान माझं कार्ड पुढे सरकवून शांतपणे म्हणाला, "आप तो कभी आए ही नहीं, खांबेटेजी."

चारही रकान्यांत 'गैरहाजर' लिहिलं होतं.

माझं डोकंच फिरलं. मंगळवारी गेलो तर कपाटाची किल्ली कोणाकडे होती ते कोणालाच माहीत नव्हतं. बुधवारी किल्ली होती, तर धीमान सेक्टर बत्तीसला कोणा नातेवाइकाला बघायला गेला होता. गुरुवारी मी बाकावर ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे त्याने दुसरं कार्ड शोधून काढलं. त्यावर नाव होतं गुरुनाथ खांबेटे.

उलगडा साधा होता. पहिल्या वर्षी मी फॉर्मवर आपल्या पद्धतीने अविनाश गुरुनाथ खांबेटे असं लिहिलं. इथल्या लोकांना त्यात दोन माणसं दिसली, त्यांनी दोन कार्डं केली आणि तपासण्या चुकीच्या कार्डावर चढल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. मग कार्ड हातात घेतलं.

रक्तदाबाचे आकडे एकाखाली एक होते, एकशे चाळीस, एकशे पंचावन्न, एकशे सत्तर, एकशे पंच्याऐंशी; आणि मला मात्र दरवर्षी 'एकदम ठीक' सांगितलं होतं. शेजारी तपासून घेणाऱ्याची सही होती, चार वेळा, मोडी लिपीत.

"ये मेरे साइन नहीं हैं," मी म्हणालो. "मैं अंग्रेज़ी में करता हूँ."

"आप लोगों की मराठी है ना, जी?"

आमची मराठी अशी नसते, हे मी त्याला कसं सांगणार? मला मोडी येत नाही; आमच्या वर्गाला शिकवायच्या आत ती शाळेतून गेली होती. पण आईच्या ट्रंकेतल्या वडिलांच्या कागदांवर ही सही मी शेकड्याने पाहिली होती. आधी वरची रेघ ओढून मग हात न उचलता एका दमात केलेली, शेवटी खाली वळवलेली. वाचता येत नव्हती, पण ओळखता येत होती.

मला भीती वाटली. पण भीतीपेक्षाही संताप जास्त होता, कारण उद्या शुक्रवार होता आणि मी तिथे कोणाशी भांडणार होतो?

डॉक्टरांनी तोडगा काढला. आत्ता पुन्हा तपासायचं, समोर सही घ्यायची. जुन्या सह्यांशी जुळली तर दोन्ही कार्डं एक करून दाखला देऊ, नाही तर चौकशीला पाठवू. म्हणजे पुणं गेलंच. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली, पारा पाहिला, हवा सोडली आणि पुन्हा भरली. या वेळी 'एकदम ठीक' म्हणाले नाहीत. कार्डावर आकडा लिहून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

सही जुळणार नाही हे ठाऊक असूनही मी इंग्रजीत करायची ठरवली. होऊ दे चौकशी, पण जन्मभर केलेली माझी सही मी बदलणार नव्हतो. दात आवळून, कागदाकडे न बघताच, मी ती केली.

धीमानने कार्ड उचललं, वरच्या सह्यांवरून बोट खाली आणलं आणि चार दिवसांत पहिल्यांदाच खूश झाला.

"लो जी, मिल गया. पक्का!"

त्याने शिक्का मारला आणि कार्ड माझ्यापुढे ठेवलं. पाचव्या सहीची शाई अजून ओली होती.

मला ती वाचता आली नाही.