थोरलीच्या हातची तुरपाई

दुकान दोघी जावांचं होतं, पण धाकटी पुढे आणि थोरली मागे, अशी वाटणी होऊन एकोणीस वर्षं झाली होती. तोंडाने ती कुणी केली नव्हती. थोरलीच्या कोपरांवर, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले, त्यांवरून पांढरे पापुद्रे सुटू लागले आणि एका गिऱ्हाइकिणीने माप देता देता अंग चोरलं. त्या दिवसापासून टेप धाकटीच्या गळ्यात गेली. थोरली मागच्या खोलीत काजं, बटणं आणि तुरपाई करू लागली. पुढे कधीतरी तिचा पाण्याचा पेलाही वेगळा झाला. "सोरायसिस आहे, कुणाला लागत नाही," असं ती सुरुवातीला सांगायची. नंतर तिने तोंडाची वाफ दवडणं सोडलं.

मग तिला दमा झाला आणि तिचं नशीब फळफळलं.

दमा लोकांना कळतो. श्वासाची शिट्टी वाजली की माणसं उठून जागा देतात. धाकटीने स्वतः खुर्ची उचलून पुढे आणली. "ताई, मागे किती कोंदट होतं! इथेच बसून करा काय ते." गिऱ्हाइकं विचारपूस करू लागली. एकोणीस वर्षांत जिने तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं ती नणंद येऊन पाठीवरून हात फिरवून गेली. कपड्यावरून का होईना, पण फिरवला. थोरली लांब बाह्या घालून बसायची आणि दम लागल्याचं सुख भोगायची.

छातीची डॉक्टर वयाने तिच्या मुलीसारखी होती. रक्तदाब बघायला बाही वर करा म्हणाली. थोरली आढेवेढे घेऊ लागली तशी तिनेच ती सरकवली आणि उघड्या हाताने चट्टे चाचपले.

"हे किती वर्षांचं? मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही छातीच्या. कातडीचे डॉक्टर वेगळे आहेत."

"अंग एकच आहे ना पण? सोरायसिस नुसता कातडीवर नसतो. आतून दाह चालू असतो, तो आणखी कुठे कुठे छळतो. अशा लोकांत दमा जरा जास्त दिसतो. तुमचा त्यामुळेच झाला, असं मी छातीठोक नाही सांगणार." मग ती स्वतःच हसली. "पण दोन्हीकडच्या औषधांचा मेळ घालायला हवा. आणि दोन्हीपैकी काहीच कुणाला लागत नाही."

"हे शेवटचं लिहून द्याल?" थोरलीने विचारलं.

तो कागद तिने जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तिला वाटलं होतं, आता तरी पेला एक होईल.

धाकटीचा घास हातातच राहिला. "म्हणजे ते आता छातीत उतरलंय?"

"उतरलं नाही गं. आतला दाह…"

"आणि तुम्ही पुढे बसून गिऱ्हाइकांच्या तोंडावर खोकताय!"

दिराने आपलं ताट चार बोटं अलीकडे ओढलं.

"लागत नाही म्हणून लिहिलंय. वाच की."

"लिहायला काय जातंय डॉक्टरांचं!"

थोरलीच्या छातीत शिट्टी सुरू झाली, तरी ती बोलली. "आत्ता तुझ्या अंगात जे कपडे आहेत, त्यांची तुरपाई कुणी केली? अख्ख्या गल्लीतल्या बायका माझ्या बोटांखालचं कापड एकोणीस वर्षं अंगाला लावून हिंडतायत. झालं कुणाला काही?"

धाकटी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या अंगात दुसरे कपडे होते, बाजारातून तयार आणलेले.

अंथरुणावर पडल्यावर नवरा म्हणाला, "सांगायची काय गरज होती? बरं चाललं होतं." हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

सकाळी खुर्ची मागच्या खोलीत गेलेली होती. आठवडाभरात तुरपाईही समोरच्या शिंप्याकडे जाऊ लागली. रिकाम्या हाताने चार दिवस बसून पाचव्या दिवशी थोरली गणवेशाच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे हवेत तंतू उडायचे. डॉक्टरांनी नेमकं तेच टाळायला सांगितलं होतं. बोटांकडे बघून शेजारच्या मशीनवरच्या बाईने विचारलं, तर "साबणाची ॲलर्जी," म्हणून ती मोकळी झाली. खोटं बोलायला तिला आता एक क्षण लागत नव्हता.

दोन महिन्यांनी नवरा कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. समोरच्या शिंप्याची तुरपाई उसवत होती, गिऱ्हाइकं कुरकुरत होती.

"धाकटी विचारतेय, येशील का? मागेच बसून करायचं म्हणे."

"मापं मी घेणार असेन तर येते. सांग तिला."

तो बराच वेळ चपलेने माती उकरत राहिला. हा निरोप तो घरी पोचवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने दम्याच्या पंपाचे दोन झोत घेतले आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.