शून्याच्या जागी ०.०२

काचेच्या कपाटातला सगळ्यात नाजूक नमुना कपाटकाकूंच्या हातून सोमवारी सकाळी फुटला, आणि तोही फोनवर धाकट्या बहिणीला "तुझं मेलं कामात लक्षच नसतं" असं सुनावता सुनावता.

गणित विभागातली ती छोटी खोली, तिच्यातलं कपाट आणि कपाटातले प्लास्टरचे एकतीस नमुने काकूंच्या ताब्यात होते. समीकरणांतून निघणारे वाकडेतिकडे पृष्ठभाग कुणीतरी फार पूर्वी हाताने घडवून ठेवले होते. फुटला तो म्हणजे मध्ये चार टोकांची उशी आणि प्रत्येक टोकाला टोक लावून उभा एकेक कर्णा. "एका बिंदूत भेटतात, फक्त एका बिंदूत!" असं विभागप्रमुख सर प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि सांगताना तिथे हळूच बोट फिरवत. आता त्या बिंदूंचा भुगा झाला होता आणि भुग्यातून केसाएवढी गंजकी तार डोकावत होती. म्हणजे लबाडी जुनीच आहे तर, असं काकूंच्या मनात आलं. पण तेवढ्याने रडू काही थांबलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी चावी देताना सरांनी बजावलं होतं, "नमुन्यावर ओरखडा जरी दिसला तरी चावी माझ्याकडे आणि तुम्ही परीक्षा विभागात." परीक्षा विभाग म्हणजे तळघरात बसून दिवसभर उत्तरपत्रिकांवर शिक्के मारणं. इथे खिडकी होती, विद्यार्थी अदबीने विचारून आत येत, आणि कुठला नमुना कुठल्या समीकरणाचा हे काकूंना नव्या प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. चावी गेली की त्या कपाटकाकू राहणार नव्हत्या, नुसत्याच काकू उरणार होत्या. आणि गुरुवारी बाहेरून पाहुणे यायचे होते.

"ताई, रडतेस काय? माझं यंत्र काय फक्त दातच छापतं?" फोनवर सगळं ऐकलेली धाकटी म्हणाली. ती कवळ्या बनवायची, आणि तिच्याकडे थरावर थर चढवून वस्तू छापणारं यंत्र होतं. "तू आकार पाठव, मी छापून देते."

आकार मिळणं अवघड नव्हतं. सरांनीच एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात समीकरण टाकलं की पडद्यावर पृष्ठभाग उभा राही, मग माउसने हवा तसा फिरवा. प्रोग्रॅम फुकट होता आणि खुला होता. आतलं सगळं कुणीही वाचावं, बदलावं आणि अडलं तर त्याच्या पानावर चारचौघांत विचारावं. कुठून कुठून लोक विचारत, आणि सर चहा थंड झाला तरी आधी उत्तर देत. काकूंनी नमुन्याच्या तळाशी लिहिलेलं समीकरण टाकलं आणि फाईल धाकटीला धाडली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, पाच तुकडे निघाले गं! उशी एकीकडे आणि कर्णे चार दिशांना. तिथे जोडायला काही आहेच कुठे?"

खरंच नव्हतं. बिंदूला जाडी नसते आणि जे नाहीच ते यंत्र कुठून छापणार? यावरचा उपाय सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो नेमका भिंतीपलीकडच्या खोलीत बसत होता.

मंगळवारी सकाळी काकूंनी प्रोग्रॅमच्या पानावर 'कुंभार' या नावाने लिहिलं, "चार टोकांचा नमुना घडवायचा आहे, पण टोकांशी सुटतो. काय करू?"

लगेच पलीकडून कळफलक बडवल्याचा आवाज आला. पाठोपाठ उत्तर आलं, "समीकरणाच्या उजव्या बाजूला शून्य आहे, तिथे ०.०२ लिहा. टोकांच्या जागी बारीक मान तयार होईल. उणे मात्र लिहू नका, तुकडे आणखी लांब जातील."

काकूंना एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्यांनी आणखी एक शंका काढली, "बघणाऱ्याला कळेल का हो?"

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. "जाणत्यालाही कळणार नाही!" सर उदारपणे लिहून मोकळे झाले, आणि तेही नावानिशी, तारखेनिशी. काकूंनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि सोमवारपासून पहिल्यांदाच त्यांना भूक लागली.

गुरुवारी नमुना कपाटात अखंड उभा होता. रंग दातांचा होता, आणि तोही जरा जास्तच निरोगी दातांचा. सर पाहुण्यांना घेऊन आले, नमुना बाहेर काढवला आणि रंगात येऊन म्हणाले, "एका बिंदूत भेटतात, फक्त एका..." बोट नेहमीच्या जागी गेलं आणि थबकलं. मग दुसऱ्या टोकाशी गेलं, तिसऱ्या टोकाशी गेलं. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"काकू," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे..."

"काय झालं सर?" काकू जमेल तितक्या भोळेपणाने म्हणाल्या. "तुमच्याच पानावर परवा वाचलं, जाणत्यालाही कळणार नाही म्हणून. सगळ्यांना दिसतंय की ते."

"काय कळणार नाही?" चष्मा सावरत एका पाहुण्या बाईंनी विचारलं.

सरांची चांगलीच पंचाईत झाली. कळलं म्हणावं तर स्वतःचं लेखी उत्तर खोटं, नाही म्हणावं तर स्वतःचं बोट खोटं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग नमुन्याकडे पाहिलं.

"हेच," ते म्हणाले, "की हा किती जुना आहे ते."

"खरंच हो!" बाई वाकून म्हणाल्या. "अगदी काल केल्यासारखा वाटतो."

पाहुणे गेले. सर आपल्या खोलीत गेले आणि दार लागलं. काकूंना आधी हसू फुटलं, मग लाज वाटली. त्यांनी सरांना कोंडीत पकडलं होतं आणि सरांनी त्यांना चारचौघांत वाचवलं होतं. चावी टेबलावर काढून ठेवून त्या वाट बघत बसल्या. पलीकडून कळफलकाचा आवाज येत होता, पण आज फार सावकाश.

पानावर नवा मजकूर आला.

"कुंभार यांस. ०.०२ फार झालं. ०.००५ ठेवा आणि आत तार घाला, जुने लोक तेच करत. जाणत्याला कळतं, माझं आधीचं उत्तर चुकीचं होतं. फुटलेले तुकडे टाकले नसतील तर उद्या माझ्या टेबलावर आणा, दोघं मिळून चिकटवू. चावी कुंभाराकडेच राहू द्या."

काकूंचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याखाली कुणा परक्या माणसाचा प्रश्न उमटला, "नमस्कार. मी कालच नवी आवृत्ती उतरवून घेतली. ही चावी कुठल्या मेनूत आहे? मला सापडत नाही."

काकूंनी डोळे पुसले, चावी उचलून खिशात टाकली आणि कुंभाराच्या नावाने उत्तर लिहिलं, "ही सोय सगळ्यांना खुली नाही."